डाव्या हाताची कात्री

आमच्या वन्सं, म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण, एका जागी बसलेल्या मी कधी पाहिल्या नाहीत. शिवणाचं दुकान त्यांचं. मशीनवर बसल्या तरी पाय, डोळे आणि जीभ तिन्ही चालू. मी म्हणायचे, "वन्सं, तुमच्या पायाला भिंगरी आहे." त्या म्हणायच्या, "आणि तुझ्या जिभेला धार."

हे घराणंच डावखुरं. सासरे, नवरा, वन्सं, सगळेच. माझी छकुली रांगायच्या आधीच खुळखुळा डाव्या हाताने ओढायला लागली, तेव्हा वन्सं दुकानभर मिरवल्या. "बघा, आमच्यावर गेली." त्यांची डाव्या हाताची खास कात्री, जिला मला हात लावायची सोय नव्हती, ती पोरीसाठी म्हणून फडक्यात गुंडाळून ठेवली. छकुलीची उजवी मूठ कायम मिटलेली असायची, अंगठा आत. तिच्याकडे कोण बघतंय!

लस द्यायला गेलो तेव्हा नर्सने बघितलं. म्हणाली, "एवढं लहान मूल दोन्ही हात वापरतं. ही डावखुरी नाही, हिचा उजवा हात अडलाय." तपासण्या झाल्या. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला इजा झाल्यामुळे हात अडलेला. डॉक्टर म्हणाले, मेंदू कोवळा आहे तोवर हाताची थेरपी सुरू झाली तर हात पुष्कळ शिकेल, लगेच सुरू करा. थेरपिस्टची तारीख मिळाली पाच महिन्यांनंतरची. यांचं 'लगेच' हे असं.

घरी आल्यावर वन्संनी ती कात्री कपाटामागे ढकलली. "मीच मिरवत होते गं," एवढंच म्हणाल्या.

मी रडत बसले. त्या दुसऱ्या दिवशी मला, पोरीला आणि काजं करायच्या कपड्यांची पिशवी घेऊन थेरपीच्या खोलीबाहेरच्या बाकावर हजर. दर दोन मिनिटांनी दारात डोकावायच्या. "कुणी आलं नाही तर सांगा हं, आम्ही इथेच आहोत." रोज हेच. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. शेवटी थेरपिस्टबाई वैतागल्या. "ताई, मला हात दोनच आहेत."

"आमच्या पोरीला एकच आहे," वन्सं म्हणाल्या.

 दुपारी एक मूल आलं नाही, त्याच्या वेळेत बाईंनी आम्हाला आत घेतलं. खेळताना थोडा वेळ डाव्या हाताला मऊ पिशवी घालायची आणि उजव्याला काम द्यायचं, हे घरी रोज करायला सांगितलं. आता बाई वाट बघणाऱ्या सगळ्या आयांना आठवड्यातून एकदा एकत्र बोलावून हेच शिकवतात. पिशव्या वन्सं शिवतात.

पण आमची पोर पिशवी दातांनी ओढायची, किंचाळायची, आणि उजवी मूठ मिटलेलीच. मला वाटायचं, उशीर झाला, आपण हरलो. वन्सं मला गप्प करायच्या आणि स्वतः येरझाऱ्या घालायच्या.

काल दुकानात गिऱ्हाईक माप द्यायला उभं होतं. पोर वन्संच्या मांडीवर, डाव्या हातात रिकामं रीळ, पिशवी घातलेली नव्हती. वन्संच्या गळ्यातली टेप तिच्यासमोर लोंबत होती. उजवी मूठ हळूहळू उघडली, अंगठा बाहेर आला, आणि तिने टेप धरली.

"वन्सं, गिऱ्हाईक थांबलंय," मी म्हटलं.

"थांबू दे," त्या हळूच म्हणाल्या. "डाव्या हाताने कात्री चालवताना उजव्याने कापड असंच धरायचं असतं."

पोरीने टेप सोडेपर्यंत त्या जागच्या हलल्या नाहीत.