चौथा चंद्र

आमच्या मुलुंडच्या सोसायटीचे सेक्रेटरी रोज रात्री गॅलरीत उभे असतात. बिल्डिंगमधली शेवटची गाडी आत आली की खाली वॉचमनला ओरडतात, "आला रे, गेट लाव!" त्याशिवाय ते झोपत नाहीत, आम्हालाही झोपू देत नाहीत.

मे महिन्यात मी गच्चीवर दुर्बीण लावली, तेव्हा परवानगी का घेतली नाही हे विचारायला ते वर आले. मी म्हटलं, "काका, आधी गुरू बघा तरी."

त्यांनी डोळा लावला. "बाजूला हे ठिपके कसले?"

"त्याचे चंद्र. मोठे चार आहेत."

"तीनच दिसतायत."

"एक मागे गेलाय. येईल थोड्या वेळात."

"नक्की येईल ना?"

मी हो म्हटलं. गच्चीच्या ज्या दिव्याला ते कुणालाही हात लावू देत नाहीत, तो त्यांनी स्वतः बंद केला आणि पाण्याच्या टाकीला टेकून बसले. सारखे उठून बघायचे. डास फोडून काढत होते. मी दोनदा "उद्या बघू" म्हटलं, त्यांनी ऐकलं नाही.

शेवटी गुरूच्या कडेला एक बारीक ठिपका सुटा झाला. काका कठड्यापाशी गेले आणि खाली ओरडले, "आला रे, गेट लाव!"

गेट केव्हाच लागलं होतं. वॉचमनने ते उघडून पुन्हा लावलं.