आप्पांनी खाल्ली का?

आप्पा गेल्याचं भावानं फोनवर सांगितलं, तेव्हा मी नांदेडला माझ्या स्वयंपाकघरात होते. खरं सांगते, आधी रडू आलं नाही. आधी मनात आलं... आता विचारायचं कुणाला? मातीला पोचणं झालं नाही. काही आठवड्यांनी गावी बसायला गेले.

आप्पा म्हणजे अहमदपूरजवळच्या आमच्या गावचे किराणा दुकानदार. लिंगायत, कपाळाला विभूती, बोलणं गोड. आणि गोड बोलणारा माणूस दिसला की माझ्या आईचे कान टवकारायचे. आमची वस्ती बौद्धांची, गावाच्या खालच्या अंगाला. फुकट देणाऱ्याच्या हाताकडं नाही, डोळ्याकडं बघावं, असं ती म्हणायची.

लातूर नुकता वेगळा जिल्हा झाला होता आणि वर दुष्काळ. गावाच्या पाणी कमिटीत आप्पा पुढं. बैठकीला कुणी येईना. दिवसभर खडी फोडून आलेला माणूस कशाला येतोय! मग आप्पांनी शक्कल काढली. दुकानातले चुरमुरे भिजवून, मिरची-शेंगदाण्याची फोडणी देऊन, घरून सुशीला करून आणायची. चावडीत माणूस मावेना. पण परात झाकलेली. "आधी विषय, मग सुशीला." कुणी भलतीकडं घसरला की नुसतं झाकण जरा वर करायचे, वास सुटायचा आणि गडी मुकाट विषयावर यायचा. लबाडच ते!

मग कळलं, नव्या जिल्ह्याहून बोअरची गाडी येणार. हातपंप एकच, जागा गावानं ठरवायची. वरच्या चौकात, का आमच्या वस्तीत? आमच्या बायका उन्हातान्हात लांबच्या झऱ्यावर वाटी वाटी पाणी भरत होत्या. बैठकीच्या आदल्या दिवशी आप्पा चुरमुऱ्याचं पोतं घेऊन आमच्या दारात उभे.

"अक्का, उद्याची सुशीला तुम्ही करा."

"आमी? आन् खाणार कोन?"

"खाणारे खातील."

ते वळल्यावर आई म्हणाली, "यात कायतरी काळंबेरं हाय. उद्या म्हणतील, तुमच्यापायी बैठक मोडली."

डी.एड. करून मी घरीच बसलेले; परात मीच नेली. त्या दिवशी आप्पांनी उलटंच केलं. आधी सुशीला, मग विषय. आणि खड्या आवाजात सांगितलं, "आज खालच्या वस्तीतल्या अक्कांनी केलीय. पोटभर खा." झालं! एकाला म्हैस आठवली, एकाच्या पोटात कळ आली, एकाची एसटी चुकायला लागली. वरची आळी बघता बघता पांगली. खाणारे उरले, त्यांनी हात वर केले आणि पंप आमच्या वस्तीत आला. घरी गेलेल्यांना कळलं तेव्हा ठराव होऊन गेला होता.

आई मात्र परात घासता घासता म्हणाली, "त्यानं खाल्ली का गं?"

मी बघतच होते की. "तुम्ही घ्या, मी मागून खातो," म्हणत ते वाढत राहिले. पुढं कैक बैठकांना आईनंच सुशीला केली आणि आप्पांचं तेच, मागून खातो. ते मागून मला कधी दिसलं नाही. मग आमच्यासाठी केलं, का वरच्या आळीची जिरवायला आमची परात वापरली? आईला हे मरेपर्यंत टोचत राहिलं. मलाही.

म्हणून परवा आप्पांच्या बायकोला, काकूंना, मी तोंडावरच विचारलं. त्यांनी डोळ्याला पदर लावला.

"खायचे की, पोरी. रुमालात बांधून आणायचे. मीच घरात येऊ द्यायची न्हाई. मग बाहेर ओट्यावर, भिंतीकडं तोंड करून खायचे. लई आवडायची त्यांना."

भिंतीकडं तोंड करून... मला त्यांची माया आली आणि रागही आला. अहो आप्पा, चावडीत चारचौघांत एक घास खाल्ला असता, तर माझ्या आईचा जीव थंड झाला असता की!

काकूंनी माझ्यासाठी ताटलीत सुशीला आणली. ती घेऊन मी बाहेर आले आणि त्याच ओट्यावर बसले, रस्त्याकडं तोंड करून. त्याही शेजारी येऊन टेकल्या.

"तुम्ही नाही घेत?"

"तू खा गं. मी मागून खाते."

मी ताटली दोघींच्या मधे ठेवली.

"न्हाई काकू. आत्ता."