धवल्याचं शेवटचं कडवं

तारीख १७ ऑगस्ट, रविवार, सकाळचे साडेदहा. रक्कम पंधरा हजार रुपये, एकरकमी. हजर चौघं: मी, माझी बायको, आई आणि बँडचा गिटारवाला.

गिटारवाला माझा कॉलेजातला मित्र. त्याचा बँड आपली जुनी गाणी घेऊन त्यांना इलेक्ट्रिक गिटार, घुमत राहणारा एक सूर, कधी उलटे फिरवलेले आवाज जोडतो. ते त्याला सायकेडेलिक फोक रॉक म्हणतात. वीस वर्षांत त्यांचे तीन अल्बम झाले. आता तिन्हींतली निवडक अकरा गाणी एकत्र करून नवा अल्बम काढायचा होता. सातवं गाणं आईचं. पहिल्या वेळी सगळं तोंडीच झालं होतं, आता तिची सही हवी होती.

आई धवलारीण. आम्हा आगऱ्यांकडे धवला गाऊन लग्न लावते ती धवलारीण. धवल्यात नवरा-नवरीची नावं घालतात. समोर नवरी बसल्याशिवाय आई धवल्याची एक ओळसुद्धा म्हणायची नाही. म्हणून बँडने तिचा आवाज घेतला तो माझ्या बहिणीच्या लग्नात, कोन गावातल्या आमच्या घरासमोरच्या मांडवात. त्याला एकोणीस वर्षं झाली. बहीण लग्नानंतर तिसऱ्या वर्षी काविळीने गेली. तेव्हापासून आई गायली नाही. लोक बोलवायला यायचे, ती दारातूनच परत पाठवायची. दुःखाने आवाज गेला असेल, असं आम्ही धरून चाललो आणि कधी विचारलं नाही.

त्या दिवशी आईने आधी त्याच्या टकलाकडे बघितलं. "तुझे केस कुठं गेले रं? तवा पोरीसारकी वेनी व्हती."

"भाड्याने दिलेत काकी," तो म्हणाला. बायको चहा ठेवायला हसतच आत गेली.

बहिणीचं नाव त्यात आहे म्हणून मी सहीला नको म्हणत होतो. आईने मला गप्प केलं आणि त्याला गाणं लावायला सांगितलं. त्याने छोटा स्पीकर स्टुलावर ठेवला.

गाणं अकरा मिनिटं चाळीस सेकंदांचं. सुरुवातीला भांड्यांचा आवाज, कुणाचं तरी मूल रडतंय, मग आई. आवाज सत्तावन्नाव्या वर्षीचा, पण घट्ट. मागून गिटार हळूहळू वर येते. बहिणीचं नाव सहा वेळा येतं. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होती.

दहाव्या मिनिटाला गाणं थांबलं. नुसता तो घुमणारा सूर. गिटारवाला हलक्या आवाजात म्हणाला की लोकांना हीच जागा सगळ्यात आवडते, म्हणून त्यांनी ती तशीच ठेवली. मी घड्याळात बघितलं, नऊ सेकंद. त्या नऊ सेकंदांत मांडवात लांबून एक माणूस बोलतो: "आपलंच घरचं आहे, पुढं चालू दे." मग आई मागच्याच दोन ओळी पुन्हा म्हणते आणि गाणं संपतं.

तो माणूस मी होतो.

शेवटच्या कडव्याआधी धवलारीण थांबते. तेव्हा लग्नघरच्याने तिच्या पदरात तांदूळ, नारळ आणि बिदागी घालायची, मग ती आशीर्वादाचं कडवं म्हणते. बहिणीच्या लग्नाचा खर्च माझ्याकडे होता. बिदागीचा दर तेव्हा दोनशे एक्कावन्न रुपये. नवरीची आईच गातेय, तिला कसली बिदागी, असं म्हणून मी ती रक्कम धरलीच नव्हती. थांबली तेव्हा वाटलं, दमली असेल.

स्पीकर बंद झाल्यावर आई माझ्याकडे न बघता बोलली. "मना राग आल्ता. पोटच्या पोरानं मना फुकट धरली. आशीर्वादाचा कडवा म्हनलाच न्हाय मी. पोरीला तशीच धाडली."

मी काविळीचं बोललो. डॉक्टर काय म्हणाले होते ते बोललो. ती म्हणाली, "डाक्टरला काय ठावं." एवढी वर्षं ती रोज हे घेऊन उठत होती, आणि मी त्याच घरात जेवत होतो.

गिटारवाल्याने हळूच सांगितलं की नको असेल तर तो गाणं काढून टाकेल, दहाचा अल्बम करेल.

"नको काढू. तिचा नाव हाय त्यात. कुनी तरी घेल."

त्याने पंधरा हजारांचं पाकीट पुढे केलं. आईने सही केली आणि पाकीट त्याच्याकडे सरकवलं. "अर्ध्या गान्याचे कसले पैशे?"

त्याने दोनदा आग्रह केला, मग पाकीट खिशात घातलं. त्याला नाक्यावर रिक्षात बसवून मी परतताना नारळ घेतला. आईच्या पदरात सव्वा शेर तांदूळ, नारळ आणि पैसे घातले. तिने पदर गोळा करून धरला. मी वीसेक मिनिटं समोर बसलो. ती गायली नाही. मीही तिला गा म्हटलं नाही.

अल्बम दिवाळीनंतर आला, अकरा गाण्यांचा. बँडने दिलेली रक्कम: शून्य. मी दिलेली: दोनशे एक्कावन्न रुपये, आईला.