कोपऱ्याचा दगड

साक्रीच्या घराला सिमेंट न वापरता दगडाची भिंत घालायची, असं मी ठरवलं तेव्हा मला निवृत्त होऊन दोन महिने झाले होते आणि बायको मला कंटाळून एक. ट्रॉलीभर काळे दगड अंगणात पडले. त्यात एक सपाट, चौकोनी, देखणा होता. हा कोपऱ्याला, असं मी जाहीर केलं. तो बसला की दोन्ही बाजू धरून राहणार.

दुसऱ्या दिवशी दगड गायब!

माझं डोकंच फिरलं. दुपारी शेजारच्या अक्काच्या बाजूने टकटक ऐकू आली. पाट्याला टाकी लावणारी बाई आली होती. ती दगड टोचून वाटण्याजोगा करून देते. झालं, चोर सापडला. दगडांच्या ढिगावर चढून मी ओरडलो, "अक्का, मुकाट्यानं माझा दगड काढा!"

"मन्हा घर नही शे, भाऊ. बठ्ठं घर देखी ले."

मी पाहिलं. मोरी, चूल, खाटेखालीसुद्धा. मग उरलेली गल्ली पालथी घातली. घरोघरी चहा मिळाला, दगड नाही. तरी हेका सोडला नाही. "दगड तुमच्यातच कुणाकडे तरी आहे! खोटा निघालो तर इथेच कान धरून वीस उठाबशा काढीन." गुडघ्यांना विचारलं नव्हतं.

आठवडाभरात कोपरा तीनदा ढासळला, एकदा माझ्या अंगठ्यावर. जेवण मात्र झकास चाललं होतं. शेंगदाण्याची चटणी तर रोज दोनदा मागून घेत होतो.

एका दुपारी पाणी मागितलं, कुणी ओ देईना. कित्येक वर्षांनी स्वतः स्वयंपाकघरात गेलो. तिथे, अक्काच्या बाजूच्या दाराशी, माझा दगड! टाकी लावलेला, चटणीने लाल झालेला.

"अहो, गल्लीभर शोधलात," मागून बायको म्हणाली, "मला एकदा तरी विचारलंत?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण शब्द दिला होता. गल्लीतल्या बाया जमल्या. अक्का भिंतीवर बसून मोजू लागली. अकराव्याला गुडघा कटकन वाजला.

"ऱ्हाऊ दे, भाऊ. चटणी भारी शे."

"तुम्हाला काय माहीत?"

सगळ्या बाया फिदीफिदी हसायला लागल्या. पहिल्या दिवसापासून घरोघरी वाटीभर चटणी पोचत होती.

उरलेल्या नऊ मी काढल्या. भिंतीला कोपरा अजून नाही. वाट्या तिथूनच जातात. हल्ली मीच नेऊन देतो.