शिंपीण मावशींचा नामजप

आमच्या शिंपीण मावशींची जीभ कात्रीहून धारदार. रक्तदाब वाढला तेव्हा त्यांनी ठरवलं, राग आला की शिवी गिळायची आणि देवीचं नाव घ्यायचं.

दुसऱ्याच दिवशी एक बाई कोटाची बाही पुन्हा बदलून मागायला आली. मावशी दात आवळून म्हणाल्या, "क्षमा! शांता!"

"अहो, माझं नाव शांता नाही."

"ही देवीची नावं आहेत. क्षमा म्हणजे धरणीसारखं सोसणं. नाव घेतलं की तो गुण आपल्यात उतरतो."

"मग, उतरला?"

"दारापर्यंत आलाय."

आतून मावशींचे यजमान ओरडले, "चंडी पुढे घुसायच्या आत चहा घ्या गं!"

मावशींना असं हसू फुटलं की हातातली सुई पडली. बाही त्यांनी तिथल्या तिथे उसवायला घेतली.