फवारणीची गरज नाही

तेलंगणातल्या इचोड्याच्या त्या शेतीऔषधांच्या दुकानातून आजवर कुणी रिकाम्या हातानं परत गेलं नव्हतं, आणि मालक अमृतरावांना त्याचा केवढा अभिमान. शेतकरी यायचा, सदऱ्याच्या खिशातून कपाशीचं पान काढून काउंटरवर पसरायचा आणि म्हणायचा, यावर काय ते द्या. पान उलटून बघायची सवड कुणाला? एक बाटली निघायची, तिच्या सोबतीला दुसरी निघायची. काही नको, घरी जा, असं तिथं कुणी कुणाला सांगितल्याचं शुभांगीनं सात वर्षांत ऐकलं नव्हतं. औषध विकत होते की प्रसाद वाटत होते, देव जाणे.

शुभांगी दुकानात बिलाच्या कॉम्प्युटरवर बसायची. आदिलाबादच्या आयटीआयमधून कॉम्प्युटर शिकलेली, लग्न होऊन इचोड्याजवळच्या खेड्यात आलेली, घरी पाच एकर कपाशी. प्रोग्राम लिहायला ती मोबाईलवरचे धडे बघून शिकली. दुपारी एक ते तीन दुकान बंद असायचं तेव्हा डबा खाऊन ती तेच करत बसायची. बायका हसायच्या, म्हणायच्या, परीक्षा देऊन राह्यली का वो. ती पण हसायची.

दोन वर्षांपूर्वी अमृतरावांनी दुकानासाठी चॅटबॉट घेतला. पानाचा फोटो पाठवायचा, बॉट मराठीत नाहीतर तेलुगूत औषधाचं नाव सांगणार. आता, त्याला माहीत काय? दुकानात आलेल्या मालाची यादी. तेवढंच त्याचं शिक्षण. मग तो सांगणार तरी दुसरं काय?

शुभांगीचे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ बंडूभाऊ, यांनी गेल्या वर्षी ऑगस्टात फोटो पाठवला. बॉटनं दोन औषधं सांगितली. इकडे दोन औषधं म्हणजे दोन खेपा कोण करणार, एकाच पंपात दोन्ही ओतायची रीत. बंडूभाऊंनी तेच केलं, तोंडाला काही न बांधता, वारा पडलेल्या उकाड्यात, दिवस मावळेपर्यंत. बांधावरच ओकारी झाली, डोळ्यांपुढं अंधारी आली, आदिलाबादच्या दवाखान्यात तीन दिवस काढावे लागले. जीव वाचला. शुभांगी दवाखान्यातून परतल्यावर त्याच शेताच्या न फवारलेल्या कडेला गेली आणि एकेक पान उलटून बघत चालली. दहा झाडं झाली तरी पानाचा रस शोषणारे चार तुडतुडे सापडेनात. तिच्या मस्तकात तिडीक गेली. ज्याची गरजच नव्हती, त्यापायी घरचा कर्ता माणूस मरता मरता राहिला होता.

बॉटच्या कंपनीनं एक सोय ठेवलेली होती. कुणीही आपला छोटा प्रोग्राम लिहून बॉटला जोडू शकतो. त्याला प्लगइन म्हणतात. शेतकऱ्याचा मेसेज आधी प्लगइनकडे येतो, त्याला बोलायचं असेल तर तो बोलतो, नाहीतर मेसेज पुढं बॉटकडे जातो. शुभांगीनं ठरवलं, नाही म्हणणारा एक प्लगइन लिहायचा. कृषी विद्यापीठाची पत्रकं आणली, मंडलच्या, म्हणजे तालुक्याच्या, कृषी अधिकाऱ्याला गाठून कोणत्या किडीला किती संख्येवर फवारायचं ते उतरवून घेतलं. तुडतुडे पानामागे सरासरी दोनाच्या आत असले, पानांच्या कडा पिवळ्या नसल्या, तर उत्तर एकच: फवारणीची गरज नाही, आठ दिवसांनी पुन्हा मोजा.

सोपं नव्हतं बरं ते. प्लगइननं पहिल्यांदा विचारलं, किडे किती? सगळ्यांचं उत्तर, लय हायेत. मग तिनं एकेका झाडाच्या तीन पानांवरचा आकडा मागायला लावलं, वीस झाडं होईपर्यंत प्लगइन पुढं सरकेना. तर काही बहाद्दर बांधावर बसून जवळचीच झाडं मोजायला लागले. तेव्हा बांधाकडच्या दोन ओळी सोडून आत जा, असं तिनं लिहिलं. महिना गेला यात. पण माणसं खरंच पानं उलटायला लागली, किडी खाणारा ढालकिडा दिसला तर त्याचा फोटो पाठवायला लागली. दुकानाचं जुनं गिऱ्हाईक असलेल्या वामनरावांसारखा सत्तरीचा शेतकरी आकडे पाठवू लागला, याचं तिला फार अप्रूप वाटायचं.

अमृतरावांनाही आधी कौतुक. आमचा बॉट मोजून सांगते, असं ज्याला त्याला सांगत सुटले होते. यंदा सप्टेंबरात काउंटर ओस पडायला लागला तेव्हा त्यांच्या डोक्यात उजेड पडला. एके सकाळी त्यांनी शुभांगीला बोलावून सांगितलं, ते मोजणीचं काढून टाक. तिनं बंडूभाऊंचं नाव घेतलं. ते म्हणाले, हे दुकान हाय, दवाखाना नाही. ती मान खाली घालून जागेवर जायला निघाली. खरं सांगायचं तर तिनं मनातून हार मानली होती, पगारावर घर चालायचं. तेवढ्यात मागून मालकांचा आवाज आला.

“आन् हे बघ, माह्या नंबरावर राहू दे. आपल्या बारा एकराले कामाचं हाय थे.”

शुभांगी थांबली. या माणसानं यंदाच्या पेरणीपासून स्वतःच्या शेतासाठी सहा वेळा मोजून उत्तर घेतलं होतं, नोंद तिच्याच कॉम्प्युटरवर होती. सहाही वेळा गरज नाही, आणि सहाही वेळा यानं फवारलं नव्हतं. लाज कशी वाटत नाही माणसाला? लोकांच्या फुप्फुसात विष जाऊ द्यायचं, आणि आपलं रान तेवढं शहाणपणानं राखायचं. 

काउंटरवर वामनराव आणि आणखी दोघं उभे होते, मालकांनीच काढून दिलेल्या बाटल्या बांधून घेत होते. ती त्यांच्याकडे वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

“बाबाजी, मोजणी आजपासून बंद करून राह्यले हे. तुमची बंद, मालकायची चालू. काऊन, थे यायलेच विचारा.”

अमृतराव तिच्यावर धावून आले, उद्यापासून दुकानाची पायरी चढायची नाही म्हणाले. ती म्हणाली, नाही चढत, पण प्लगइन माझ्या हातानं काढणार नाही. वामनरावांनी हात पुढं केला आणि मोजणीची उत्तरं बघायला मालकांचा फोन मागितला. अमृतरावांनी फोन खिशात कोंबला. एवढ्यावरच सगळ्यांना काय ते कळलं.

वामनरावांनी पुडक्यातून दोन्ही बाटल्या बाहेर काढल्या आणि काउंटरवर मालकांसमोर ठेवल्या.

“तुमच्या वावराले बॉट जे सांगते, थेच मले सांगा.”