चिखलात न बसणारी गाडी

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे जीपचे बिरेक. श्रावणातली संध्याकाळ होती, झड लागली होती, आणि गाडी वैरणीच्या छपराखाली उभी होती. मी मागच्या चाकापाशी पोत्यावर उताणा पडलेलो आणि माझी बायको वर डाव्या सीटवर. मिलिटरीच्या जीपचं स्टेरिंग डावीकडं असतं. ती अंगानं बारकी, म्हणून पाय पॅडलला पोचावा यासाठी पाठीशी पाट लावून बसायची.

ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी सांगतो. बिरेकच्या नळीत तेल असतं. त्या तेलात हवा शिरली की पॅडल फुसकन खाली जातं आणि गाडी थांबत नाही. ती हवा काढायला दोन माणसं लागतात. एकानं वर पॅडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं खाली चाकापाशी एक बारका बोल्ट ढिला करायचा. तेलाबरोबर बुडबुडे बाहेर येतात. बोल्ट परत आवळला की मगच वरच्यानं पाय काढायचा. आधी काढला तर नळी पुन्हा हवा ओढते आणि सगळी मेहनत मातीत.

"धर," मी म्हणालो.

"धरलंय."

"सोडू नको."

"मधीच सोडायची खोड मला न्हाय, तुमास्नी असंल."

चारी चाकं झाली. सायकलच्या वालट्यूबच्या बारक्या रबरी नळीचं एक टोक बोल्टाला आणि दुसरं औषधाच्या बाटलीत बुडवलेलं होतं. बाटलीतले बुडबुडे थांबले. तिनं पॅडलवर सगळा भार टाकून बघितलं आणि म्हणाली, दगडावानी लागतंय. मग मी राखेनं हात घासले, तिनं तांब्यानं पाणी घातलं, भाकरी खाल्ली, झोपलो. पहाटे ती उठली नाही. झोपेतच गेली.

आता माणसं येतात, बसतात आणि ती लई सोशिक होती असं म्हणतात. सोशिक ती अजिबात नव्हती. देवभोळीही बेताचीच. ती काय होती ते या गाडीवरनं कळतं, म्हणून मी गाडीबद्दल लिहितो. माझं शिक्षण थोडकं, तेही निजामाच्या शाळेत उर्दूत. अक्षर वाकडं येईल, पण सांगणं सरळ आहे.

आमचं गाव बेंबळीच्या पुढं, काळ्या रानात. गाव आणि सडक यांच्यामध्ये ओढा. उन्हाळ्यात बैलगाडी जुंपली तर धाराशिवला पोचायला अडचण नाही. पावसाळ्यात मात्र त्या मातीचा गारा होतो, तो चाकाला चिकटत जातो, चाक रांजणाएवढं होतं आणि बैल गुडघ्यावर येतात. निजामाच्या राज्यात अशाच एका भाद्रपदात आमची एकुलती एक लेक तापानं फणफणली. तिला दवाखान्यात न्यायला निघालो आणि ओढ्याच्या अलीकडं गाडी आसापर्यंत रुतली. लेक गाडीतच गेली, आईच्या मांडीवर. पुढं आम्हाला मूल झालं नाही. बायको त्याबद्दल कधी एक शब्द बोलली नाही.

मग पोलीस ॲक्शनचं साल आलं. तोही भाद्रपदच. मिलिटरीच्या जीपगाड्या आमच्या शिवारातनं गेल्या. गाव दारं लावून बसलं होतं, आणि ही घराच्या धाब्यावर चढून बघत उभी. त्याच ओढ्यात, त्याच गाऱ्यातनं, चारी चाकांनी चिखल उडवत त्या गाड्या पार झाल्या. खाली उतरली आणि मला म्हणाली, "ही गाडी चिखलात बसत न्हाय." एवढंच. मला पुढचं सांगायची गरज नव्हती.

काही वर्षांनी आम्ही मोट बंद करून विहिरीवर तेलाचं इंजिन बसवलं. त्याच्या सामानासाठी सोलापूरला गेलो, तर भंगाराच्या आवारात तसलीच एक जीप दिसली. मिलिटरीनं लिलावात काढलेली, टप नाही, सीटा नाहीत, इंजिन जाम. घरी येऊन बायकोला सांगितलं. गाडी चालते का, असं तिनं विचारलं नाही. "चारीबी चाकं वढत्यात का?" असं विचारलं. मी म्हणालो, नीट केली तर ओढतील. ती म्हणाली, मग करा की नीट.

सडकेपर्यंत ट्रकनं आणली. सडकेपासून गावापर्यंत बैलांच्या दोन जोड्या जुंपल्या. वेशीत पाटील बसले होते.

"काय रं, गाडीला बैलं वढत्यात व्हय? मग हिचा उपेग काय?" पाटील म्हणाले. "दावणीला बांध. पर पेंड घालू नगंस, शेण न्हाय पडायचं."

सगळी वेस हसली. हसण्याजोगंच होतं ते.

पहिले कित्येक महिने नुसत्या इंजिनात गेले. पिस्टन जाम होते. एरंडेल आणि रॉकेल मिसळून वरनं ओतलं आणि मुरू दिलं. रोज सकाळी गोठ्यातलं उरकलं की हॅन्डल घालून हिसका द्यायचा, एवढाच नेम. एक दिवस हॅन्डल तसूभर फिरलं. मी हाक मारली तर ती चुलीवरची भाकर टाकून आली. भाकर करपली, पण त्या दिवशी करपलेली भाकर दोघांनी गोड करून खाल्ली.

विहिरीवरच्या इंजिनानं मला निम्मं शिकवलं होतं, उरलेलं खोलून बघून शिकलो. बंद पडलेल्या मोटेचं कातडं घरात होतं. त्यातनं पाण्याच्या पंपाचे वायसर कापले. चाकावरच्या कमानीचा, म्हणजे स्प्रिंगचा, एक पाटा तुटलेला होता, तो गावच्या लोहारानं बैलगाडीच्या लोखंडी धावेपासून घडवून दिला आणि वर आणखी एक जादा चढवला. मूळच्या गाडीला इतके पाटे नसतात. आमच्या रस्त्याला लागतात. मोटेचा जाड नाडा होता, त्याचे तुकडे करून चाकांना गुंडाळायचे वेढे केले. गाऱ्यात रबर घसरतं, नाडा धरतो. हे मला कुणी शिकवलं नाही. आम्ही दोघांनी ते चिखलात उभं राहून काढलं, आणि पुढं आजूबाजूच्या ट्रॅक्टरवाल्यांनी आमचं बघून केलं. हे मी अभिमानानं सांगतो.

रेडिएटर पाझरायचा. तिनं मूठभर हळद आणून त्यात टाकली. मी म्हणालो, अगं कालवण आहे का ते. ती म्हणाली, जखमंला लावतो तर हिला का न्हाय. इंजिन तापलं, हळद पाण्याबरोबर फिरली आणि बारकी भोकं बुजली. पुढं खरा डाक लावून घेतला, पण तोवर एक अख्खा पावसाळा त्या हळदीवर निघाला. पेट्रोलची टाकी गळायला लागली की साबण आणि गूळ एकत्र मळून ती चिरेवर लिंपायची. टप तिनं ताडपत्रीचा शिवला, दाभणानं, मोट सांधतात त्या दुहेरी टाक्यानं. टपाच्या एकाही शिवणीतनं आजवर पाणी आलेलं नाही.

गाडी सुरू झाल्यावर तिनं एक नेम घातला. मिरगापासनं दसऱ्यापर्यंत गाडी उघडी पडून राहायची नाही. काही बिघडलं तर ज्या दिवशी खोललं त्याच दिवशी बंद करायचं, मग जेवण राहो नाहीतर पेरणी. "कवा कुणाला न्यायची पाळी यील काय सांगावं," म्हणायची. तो नेम तिनं एकदाही मोडू दिला नाही.

बिरेकचं काम तिच्याकडं कसं गेलं तीही गंमत आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं बैलांची खांदमळणी करतात. वर्षभर जू वाहून खांदा दुखलेला असतो, त्यावर लोणी-हळद चोळायची आणि उद्या जेवायला या म्हणून बैलाला आवतण द्यायचं. मी त्या दुपारी जीपची चारी चाकं काढून बिरेकमधला चिखल धूत होतो. ती विचारत होती, हे वाकडं काय, ते गोल काय. मी म्हणालो, हे वाकडं दिसतंय ना, सगळा ताण याच्यावर येतो. एवढं बोलून मी बैल धुवायला ओढ्यावर गेलो. परत येईस्तोवर अंधारलं होतं, आत न बघता तशीच चाकं चढवली.

दुसऱ्या दिवशी मिरवणुकीत गाडी पाहिजेच, असा तिचा हट्ट. दावणीचं जनावर हाय म्हणाली. टपाला बेगड, दिव्यांना झूल, पुढं नारळ. मानाची जोडी पाटलांची. त्या जोडीनं वेशीतलं तोरण तोडल्याशिवाय दुसऱ्या कुणी पुढं जायचं नाही, ही बापजाद्यांची रीत. वेशीकडं उतार आहे. मी पॅडल दाबलं तर गाडी थांबेना. हातबिरेकची तार आधीच तुटलेली. मी भोंगा दाबत राहिलो, माणसं बाजूला पांगली, आणि आमची जीप पाटलांच्या बैलांना मागं टाकून तोरण तोडून वेशीपलीकडच्या उकिरड्यात जाऊन थांबली.

गाव गोळा झालं. मानाचा प्रश्न होता, काठ्या निघायची वेळ. मी तिथंच चाक काढून बघितलं तर आतली बिरेकची पट्टी पिवळीधमक, लोण्यानं माखलेली. मी बायकोकडं बघितलं.

"ताण ह्येच्यावर येतो म्हणाला की तुमी," ती म्हणाली. "मग खांदा ह्योच न्हाय का?"

मला हसू दाबवेना. पाटील पुढं आले आणि बाकी कुणी बोलायच्या आत तिनं पदर सारखा केला.

"मान तुमच्याच बैलांचा, पाटील. ह्ये जनावर नवं हाय, वळण लागायचंय."

पाटलांनी एकदा त्या पट्टीकडं बघितलं, एकदा मिशीवरनं हात फिरवला.

"वळण लागूस्तवर खुंट्याला बांधत जा," ते म्हणाले आणि हसले. मग सगळे हसले. नवं तोरण बांधलं आणि पाटलांच्या बैलांनी ते पुन्हा तोडलं.

लोणी पट्टीत मुरलं होतं. पेट्रोलनं धुतलं, विटकरीवर घासलं, शेवटी लोहाराच्या भट्टीवर शेकलं तेव्हा निघालं. आळीभर तुपाचा वास सुटला होता. त्या दिवसापासनं मी तिला गाडीचा सांधा न् सांधा दाखवला. कुठं तेल चालतं, कुठं तेलाचं बोट लागलं तरी माणूस मरतं, सगळं. बिरेक तर तिनं आपल्याकडंच घेतले. दर वेळी पॅडलवर तीच बसायची आणि तिचं समाधान झाल्याशिवाय मी चाक चढवायचो नाही.

मग ती गाडी चालली. माणसं किती नेली ते आम्ही मोजलं नाही. बाळंतिणी नेल्या, पान लागलेले, म्हणजे साप चावलेले नेले, उसाच्या गाडीखाली पाय सापडलेला एकजण ढोकीहून उचलून नेला. बायकोचं माहेर तेर. तिकडची माणसंसुद्धा निरोप पाठवायची. पाटलांना मुतखडा झाला तेव्हा भर पावसात पाटलांना नेलं. जाताना ओढ्यात पाणी चाकाच्या वर होतं. वाटेत त्यांनी एकदाही बैलांचा विषय काढला नाही. दर वेळी बायको माझ्या बाजूला बसायची आणि ओढा पार झाल्याशिवाय बोलायची नाही. पार झाला की म्हणायची, चला.

त्या श्रावणात पॅडल खाली जायला लागलं ते असंच एकाला पोचवून येताना. चाकाजवळचं तेल अडवणारं रबर गेलं होतं. सोलापूरहून आणलेलं एक शिलकीत होतं. मी म्हणालो, उद्या सकाळी बघू, अंधारून आलंय. ती म्हणाली, आज. म्हणून त्या संध्याकाळी आम्ही ते काम केलं, आणि ते काम झालं होतं म्हणून पुढचं झालं.

तिला दुपारी अग्नी दिला. मूल नाही, त्यामुळं मीच दिला. डोकं भादरलं. घरी आलो तर माझा धाकटा भाऊ सगळं बघत होता. मला ओसरीवर घोंगड्यावर बसवलं होतं. ज्यानं अग्नी दिला त्यानं दहावा होईस्तोवर वेस ओलांडायची नाही, कुणाच्या दारात जायचं नाही, आमच्यात असं आहे. मला कुठं जायचंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस चालूच होता. ओढ्याकडल्या वस्तीवरचा एक धनगर घोंगडीची खोळ डोक्यावर घेऊन आमच्या दारासमोर, रस्त्याच्या पलीकडं उभा होता. पुढं येत नव्हता, जातही नव्हता. भावानं त्याला हातानंच जा म्हणून खुणावलं. मी विचारलं, काय आहे.

"आबा, बोलायला तोंड न्हाय," तो म्हणाला. "लेक रातीपासनं अडलीया. सुईणीनं हात टेकलं."

भाऊ मला म्हणाला, "दादा, तुमी उठायचं न्हाय. सुतकी माणसानं बाळंतिणीच्या वाऱ्याला उभं ऱ्हाऊ नये. वंगाळ असतं ते. दुसरी कुणाची गाडी बघंल त्यो."

दुसऱ्या कुणाची गाडी नव्हती. भावालाही ते ठाऊक होतं.

"सुतक मला हाय," मी म्हणालो, "गाडीला न्हाय." आणि धनगराला विचारलं, "तुला चालतंय का?"

"मला माझी लेक पायजे," तो म्हणाला.

मी उठलो. भाऊ आडवा आला नाही, त्यानंच मोटेच्या नाड्याचे वेढे उचलून छपरात आणले आणि चाकांना बांधले. मी हॅन्डल मारलं. इंजिन थंड होतं, पहिल्यांदा नुसतं खोकललं, मग लागलं. वस्तीवर गेलो, पोरीला मागं गोधड्यांवर निजवलं, तिची आई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. बाप पुढं माझ्या बायकोच्या जागेवर बसायला बघत होता, त्याला मी मागं उभं राहून टप धरायला सांगितलं. ओढ्याला चढलेलं गढूळ पाणी होतं. कडेला पॅडल दाबलं, ते दगडावानी लागलं, गाडी थांबली; चारी चाकं ओढावीत म्हणून पुढच्या चाकांची जोड लावली, आणि गाडी पाण्यात घातली. ओढा पार झाला तेव्हा बाजूच्या रिकाम्या सीटकडं बघून मीच म्हणालो, चला.